यूट्यूबवरचं राजकारण आणि एकाच सुराचा गलका: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक संपली की चौकातले बॅनर उतरतात. निवडणुकीसाठी उघडलेली यूट्यूब चॅनल मात्र राहतात, आणि ती बघायची सवयही राहते. खालचे प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या वाचनालयांत, कॉलेजच्या कट्ट्यांवर आणि बऱ्याचदा लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळणारे आहेत. उत्तरं कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाहीत. ज्यांना ती विरुद्ध बाजूची वाटतील, त्यांच्यासाठीही खाली एक प्रश्न आहे.

हे इको चेंबर काय प्रकरण आहे? माणसं पूर्वीही आपल्याच पक्षाचा पेपर वाचायची की.

वाचायची, आणि त्यात काही लपवायचं नव्हतं. पण तो पेपर सलूनमध्ये, हॉटेलात पडलेला असायचा आणि विरोधी गटाचा माणूसही तो चाळायचा. आपल्याबद्दल तिकडे काय छापून येतंय ते त्याला कळायचं. मोबाइलवरचं फीड तसं नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या हातात दोन वेगळी राजकारणं चालू असतात, आणि शेजारच्याला काय दिसतंय याचा पहिल्याला पत्ता नसतो.

अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक कॅस सन्स्टीन यांनी इंटरनेटच्या या धोक्याबद्दल २००१ मध्येच लिहिलं होतं. २०११ मध्ये एलाय पॅरिसर यांनी ‘फिल्टर बबल’ हा शब्द रूढ केला. दोन्ही गोष्टी सर्रास एक समजल्या जातात. फिल्टर बबल यंत्र तयार करतं: तुमची आवड ओळखून बाकीचं बाजूला सारतं. इको चेंबर माणसं मिळून तयार करतात: आपल्यासारख्यांतच बसायचं, तेच परत परत बोलायचं आणि बाहेरचं कुणी काही बोललं की तो विकला गेलाय म्हणायचं. आमच्या भागात दुसरा प्रकार जास्त जोरात आहे असं माझं मत. का ते पुढे येईल.

यूट्यूब पुढचा व्हिडिओ ठरवतं तरी कसं?

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं, २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरला घेतलं. सुरुवातीला व्हिडिओ किती जणांनी उघडला याला महत्त्व होतं. त्यामुळे भलतंच चित्र लावून क्लिक मिळवणाऱ्यांचं फावलं. २०१२ मध्ये कंपनीने हिशेब बदलला आणि किती वेळ बघितला ते मोजायला लागली. २०१६ मध्ये गूगलच्याच इंजिनिअरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार काम दोन टप्प्यांत चालतं. आधी प्रचंड साठ्यातून तुमच्यासाठी काहीशे व्हिडिओ बाजूला काढायचे, मग त्यांतला कोणता तुम्ही जास्त वेळ बघाल याचा अंदाज बांधून त्यांना क्रम लावायचा. पुढे त्यात प्रेक्षकाला समाधान वाटलं का, हे विचारणाऱ्या प्रश्नावलींचीही भर पडली. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं, की यूट्यूबवर घालवल्या जाणाऱ्या वेळातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींमुळे येतो.

या यंत्राला डावं-उजवं, सत्ताधारी-विरोधक असं काही कळावं लागत नाही. अमुक नेत्याचं भाषण शेवटपर्यंत बघणारी माणसं पुढे काय बघतात, एवढं कळलं की त्याचं भागतं. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: तुम्ही दात-ओठ खात बघितलेला व्हिडिओही ‘बघितलेला’च असतो. विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याला शिव्या घालत वीस मिनिटं ऐकलंत, तर उद्या तो पुन्हा हजर.

मी फक्त कापसाचे भाव बघतो. माझा राजकारणाशी काय संबंध?

सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे, कारण आमच्याकडे राजकारण बहुतेकदा शेतीच्या दारातूनच आत येतं.

ऑगस्ट २०२५ घ्या. केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून अमेरिकेत जाणाऱ्या बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागलं. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. सगळी बातमी एवढीच.

आता ती पडद्यावर कशी येते बघा. ‘आजचे कापूस भाव’ असं शोधलं की पहिला व्हिडिओ खरोखर भावाचा असतो. त्याच्याखाली लाल बाण, रडणारा शेतकरी आणि ‘बळीराजाचा गळा कापला’. दुसऱ्याच्या फोनवर त्याच जागी तिरंगा, गिरणीचं चित्र आणि ‘अमेरिकेला सडेतोड उत्तर’. दोघेही ११ टक्क्यांचंच बोलतायत. पहिला सांगत नाही की सूतगिरणीला महाग कापूस परवडला नाही तर गिरणी शेतकऱ्याचा मालही कमी उचलते. दुसरा सांगत नाही की बाहेरून गाठी यायला लागल्या की ऐन वेचणीच्या तोंडावर व्यापारी भाव पाडून मागतो. पहिल्यावर बोट पडलं तर पुढचा व्हिडिओ एका नेत्याच्या मोर्चाचा, दुसऱ्यावर पडलं तर दुसऱ्या नेत्याच्या सभेचा. चोपड्याच्या शेतकऱ्याने भाव विचारला होता, त्याला सभा मिळाली.

भाव बघायचे असतील तर बाजार समितीचे आकडे थेट बघा. चर्चेची गरज वाटलीच तर त्यानंतर.

म्हणजे यंत्रच माणसाला भडकवतं, असं म्हणायचं का?

मोबाइलवर खापर फोडणं सोयीचं आहे खरं, पण पुरावा तेवढा सरळ नाही.

२०१८ मध्ये समाजशास्त्रज्ञ झेयनेप तुफेकी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की यूट्यूब प्रेक्षकाला एकेक पायरी जास्त जहाल व्हिडिओंकडे नेतं. यूट्यूबमध्ये पूर्वी काम केलेले इंजिनिअर गियोम शास्लोही तेच सांगत होते. टीका वाढल्यावर जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की नियम मोडत नाहीत पण नियमाच्या काठावर बसतात, असे व्हिडिओ शिफारशींत कमी दाखवू.

त्यानंतरच्या अभ्यासांत चित्र बदललं. २०२१ मध्ये अमेरिकी प्रेक्षकांच्या खऱ्याखुऱ्या वापराची नोंद तपासणारा अभ्यास आला. जहाल व्हिडिओ बघण्यामागे शिफारशींपेक्षा माणसांची आपलीच आवड जास्त दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२३ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आणखी एक अभ्यास आला. साध्या व्हिडिओपासून सुरुवात करून नकळत खड्ड्यात पडलेली माणसं त्यात फारच थोडी निघाली. अशा चॅनलवर जाणाऱ्यांच्या मनात आधीपासूनच एखाद्या गटाबद्दल चीड होती, आणि ती तिथे पोचली सबस्क्रिप्शनमधून किंवा बाहेरून आलेल्या लिंकवरून. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माणसांना मुद्दाम एकतर्फी शिफारशी दाखवल्या गेल्या. थोड्या काळात तरी त्यांच्या मतांवर फारसा परिणाम दिसला नाही.

हे सगळे अभ्यास अमेरिकेतल्या प्रेक्षकांचे आहेत, आणि बरेचसे कंपनीने २०१९ मध्ये बदल केल्यानंतरचे. म्हणून यूट्यूब निर्दोष सुटलं असं कुणी समजू नये. पण ‘बाहेरून आलेली लिंक’ हे शब्द वाचून मला तरी लगेच आपला फॅमिली ग्रुप आठवला.

बरोबर आहे, आमच्याकडे व्हिडिओ व्हॉट्सॲपवरच येतात. मग यूट्यूबला दोष का द्यायचा?

दोघांची जोडी आहे. लिंक ग्रुपवर येते. पाठवणारा मेव्हणा, शिक्षक किंवा सोसायटीचा चेअरमन असतो, म्हणून ती उघडली जाते. एकदा उघडली की पुढचं यूट्यूब बघून घेतं: तुमच्या खात्यावर नोंद झाली, आता तसलेच आणखी. ग्रुप बी टाकतो, यंत्र पाणी देत राहतं.

बंद ग्रुपमध्ये बाहेरचा आवाज शिरला नाही की काय होऊ शकतं, हे खान्देशाला कुणी वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या आधीचे कित्येक दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. त्या काळात देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. ‘मुलांची काळजी घ्या’ सांगणारा शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

तो प्रकार राजकारणाचा नव्हता. यंत्रणा मात्र तीच: ओळखीच्या माणसाने पाठवलेला कापलेला व्हिडिओ, आणि ‘हे खरं आहे का’ असं विचारणारं ग्रुपमध्ये कुणी नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून बऱ्याच वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्याच्यावर दोन बाण दिसतात. ते दिसले की थांबायचं.

आमना घरमा एकच फोन शे. मंग आम्हले हाई लागू व्हस का?

तुमचं बरं आहे! सकाळी आजीचं कीर्तन, दुपारी नातवाचं कार्टून, संध्याकाळी बापाचा राजकीय विश्लेषक, मध्येच सुनेची शेवभाजीची रेसिपी. यंत्राला तुमचा अंदाज येणं कठीण. फोन एकट्याचा झाला, खोलीचं दार लागलं आणि कानात इअरफोन गेला की खरी अडचण सुरू होते. टीव्ही सगळ्यांसमोर चालायचा तेव्हा कुणीतरी ‘काहीही सांगून राहिले हे’ म्हणायचं तरी.

एक धोका मात्र तुमच्याकडेही आहे. बापाने तावातावाने बघितलेलं पोराच्या पडद्यावर येतं. पोरांसाठी निदान वेगळं प्रोफाइल किंवा यूट्यूब किड्स ठेवा.

शॉर्ट्स आणि रील्सचं काय?

ते जास्त त्रासदायक, कारण तिथे निवडायचं कामच उरत नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतापासूनच सुरू केली. तासाभराच्या भाषणातली चाळीस सेकंदं उचलायची, मागे ढोल लावायचा आणि वर ‘एकच वादा’. आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य कापलं की कुणाच्याही तोंडी काहीही घालता येतं.

गावातले यूट्यूब पत्रकार विश्वासाचे असतात का?

त्यांना सरसकट नावं ठेवणारे स्वतः कधी ग्रामसभेला जात नाहीत, हा माझा अनुभव. घरकुलाची यादी कुठे अडली, पाणीपुरवठ्याची मोटर कितव्यांदा जळली, रस्त्यावर खडी टाकून ठेकेदार कुठे गेला, हे तोच माइकवाला पोरगा दाखवतो. जिल्ह्याच्या पेपरात याला दोन ओळी मिळाल्या तर मिळाल्या.

पण त्याचं पोट कशावर चालतं तेही बघा. जाहिरातीच्या उत्पन्नात पूर्ण वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के त्याला मिळतात. तालुक्याच्या बातमीवर हे उत्पन्न किरकोळच पडतं. मग कुणाचा तरी वाढदिवस, कुणाची तरी मुलाखत, निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचं पॅकेज. पॅकेज घेतलेली मुलाखत बातमीसारखीच दिसते, हीच मेख आहे. ओळखायची कशी? अडचणीचा एकही प्रश्न नाही, समोरचा बोलत असताना कॅमेरा हलतही नाही आणि शेवटी पत्रकारच आभार मानतो. ‘जनता काय म्हणते’ वाला व्हिडिओ असेल तर मागचा चौक बघा. सगळी जनता एकाच वार्डातली असते.

मग विरुद्ध बाजूचेही व्हिडिओ बघायचे, म्हणजे समतोल झाला ना?

ऐकायला छान वाटतं. २०१८ मध्ये ख्रिस बेल या समाजशास्त्रज्ञाच्या गटाने हाच प्रयोग ट्विटरवर केला. लोकांना पैसे देऊन महिनाभर विरोधी विचारांचं खातं फॉलो करायला लावलं. महिन्यानंतर रिपब्लिकन समर्थक मवाळ झाले नाहीत, उलट आणखी कट्टर झाले. डेमोक्रॅट्समध्ये मोजण्याइतका फरक दिसला नाही. समोरच्या पक्षाचा सगळ्यात कर्कश प्रवक्ता ऐकून कुणाचं मन मोकळं होत नाही, आपलंच बरोबर असल्याची खात्री पटते फक्त.

रावेरचा केळी उत्पादक माल काढण्याआधी रावेरचा भाव विचारतो आणि बऱ्हाणपूरचाही. तो दोन व्यापाऱ्यांची भांडणं ऐकायला जात नाही, आकडा विचारतो. राजकारणात आकडा म्हणजे मूळ ऐवज: पूर्ण भाषण, विधिमंडळातलं कामकाज, संसद टीव्हीवरची चर्चा, शासन निर्णयाचा कागद. शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात. भाषा कंटाळवाणी असते हे मान्य, पण वीस मिनिटांच्या आरडाओरड्याऐवजी दोन पानांत काम होतं. एखादी क्लिप संशयास्पद वाटली तर बूम हे तथ्य तपासणारं संकेतस्थळ किंवा फॅक्ट क्रेसेंडोचं मराठी पान बघा.

मला तर सगळीच चॅनल आमच्या पक्षाच्या विरोधात वाटतात.

तुमच्या विरोधकालाही अगदी असंच वाटतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात अरबांच्या आणि इस्रायलच्या समर्थकांना १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच त्या टीव्ही बातम्या दाखवल्या होत्या. दोन्ही गटांनी सांगितलं, बातम्या आमच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. तेव्हा यूट्यूब जन्मायला वीस वर्षं बाकी होती.

फीड स्वच्छ करायचं तर कुठून सुरुवात करू?

आधी ऑटोप्ले बंद. मग सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी आणि सर्च हिस्टरी उघडा आणि वाचा. पुसण्याआधी वाचा, कारण आपण काय काय बघितलंय ते बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो. नको ते काढा, किंवा सगळंच पुसा. तीन महिन्यांनी आपोआप पुसलं जाण्याची सोयही तिथेच आहे. हिस्टरी पूर्ण थांबवली, आणि मागची फारशी शिल्लक नसली, तर ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबचं होम पेज जवळजवळ कोरं दिसतं. पुष्कळांना ते बिघाड झाल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडतं: शोधाल तेच मिळेल.

बटणांवर मात्र जास्त भिस्त ठेवू नका. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये तपासलं तेव्हा ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ने नको असलेल्या शिफारशी ४३ टक्के रोखल्या, हिस्टरीतून व्हिडिओ काढल्याने २९ टक्के, डिसलाइकने १२ आणि ‘नॉट इंटरेस्टेड’ने ११ टक्के. म्हणजे अंगठा खाली करून फारसं काही होत नाही. चॅनलच बंद करा. ग्रुपवर आलेली राजकीय लिंक उघडायचीच असेल तर इन्कॉग्निटोमध्ये उघडा, म्हणजे ती खात्याला चिकटत नाही.

जिभाऊ दिवसभर एकच चॅनल लावून बसतात. काही बोललं की चिडतात. काय करावं?

ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हणून लिंक टाकू नका. थोरल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा झाला की तो मुद्दा सोडत नाही, माणसं सोडतो. एकटे असताना शेजारी बसा आणि त्यांच्याबरोबर तोच व्हिडिओ बघा. ‘जिभाऊ, हे भाषण कुठलं आहे? पूर्ण सापडेल का आपल्याला?’ एवढंच विचारा. शोधायला फोन त्यांच्याच हातात राहू द्या. बऱ्याचदा भाषण तीन वर्षांपूर्वीचं निघतं आणि बाकी बोलायची गरज पडत नाही. नाही निघालं आणि जिभाऊंचंच खरं ठरलं, तर तेही मोकळेपणाने मान्य करा.

त्यांना तिथे काय मिळतं हेही बघा. पोरं पुण्याला, शेत बटाईने दिलेलं, पारावरची मंडळी निम्मी गेलेली. तो अँकर रोज संध्याकाळी वेळेवर येतो आणि त्यांच्याशी बोलतो. तुम्ही किती वेळा फोन करता?

अहिराणीतलं बघितलं तर यातून सुटका होईल?

अहिराणीत गाणी आणि कॉमेडी भरपूर आहे, राजकारणाची चर्चा तुलनेने कमी. पण भाषा छोटी असली की साठाही छोटा, आणि यंत्र पटकन हिंदीकडे उडी मारतं. विनोदी व्हिडिओत मध्येच एखाद्या समाजावर टोमणा येतो आणि हसता हसता तो पचतो, तिकडेही लक्ष असू द्या.

सरकारने किंवा कायद्याने काही करता येत नाही का?

युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यानुसार मोठ्या प्लॅटफॉर्मना तुमच्या माहितीवर न बेतलेल्या शिफारशींचा पर्याय द्यावाच लागतो. आपल्याकडे २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यांचा भर तक्रार आणि मजकूर काढण्यावर आहे. केंद्राबद्दलची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवावं, अशी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला तो निकाल योग्य वाटतो. आपल्याबद्दल काय खरं हे सरकारनेच ठरवायचं, तर तेही एक बंद दालनच झालं.

मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचाराचे व्हिडिओ फिरत असतील तर तक्रार कुठे करायची?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराला बंदी असते. २०१९ मध्ये सोशल मीडिया कंपन्यांनी निवडणूक आयोगाला कबूल केलं, की या काळातल्या उल्लंघनाची तक्रार आयोगाकडून आली तर तीन तासांत तिच्यावर कार्यवाही करू. उमेदवाराच्या ऑनलाइन जाहिरातीला जिल्ह्यातल्या माध्यम प्रमाणीकरण समितीची आधी मंजुरी लागते. मंजुरी नसलेली जाहिरात दिसली तर लिंक, चॅनलचं नाव आणि बघितल्याची वेळ लिहून जिल्हा निवडणूक कार्यालयाकडे द्या. आयोगाचं सी-व्हिजिल ॲप पैसेवाटप, दारू, विनापरवाना बॅनर अशा समोर घडणाऱ्या प्रकारांसाठी आहे. त्यात जागेवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओच जातो. गॅलरीतला जुना व्हिडिओ किंवा ग्रुपवर आलेली क्लिप त्यात चढवता येत नाही.